हवेच्या चाकाचा माणूस : जॉन बॉइड डनलॉप

इंग्रजी मुळाक्षरे शिकण्याच्या आधी मी डनलॉप हा शब्द शिकले. आमच्या अण्णांचे साखर कारखान्याच्या रस्त्यावर पंक्चरचे दुकान आहे. ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला आमच्याकडे सरळ डनलॉपच म्हणतात. लोखंडी धावेची ती गाडी आणि टायरची तो डनलॉप! हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात कळले. अण्णांना मात्र ते अजून खरे वाटत नाही. त्या माणसाची हकिकत मी यंदाच का लिहायला घेतली, ते शेवटी सांगेन.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते गुरांचे डॉक्टर झाले. मीही आज एकोणीस वर्षांचीच आहे, म्हणून हा आकडा माझ्या चांगला लक्षात राहिला. १८६७ साली ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा जम बसला. त्या काळी पुष्कळ वाहतूक घोड्यांवर चालत असल्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची वाण नव्हती. म्हणजे चाकांशी या गृहस्थांचा धंद्याचा संबंध काहीच नव्हता. संबंध होता तो चाके ओढणाऱ्या जनावरांशी.

१८८७ साली त्यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबर असे आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे होते. सायकल चालवली की पोराचे अंग खिळखिळे होई. त्याने वडिलांकडे गाऱ्हाणे केले. पुष्कळ वडिलांनी ते हसण्यावारी नेले असते. डनलॉप यांनी ते मनावर घेतले. रबर हाताळण्याची त्यांना सवय होतीच. त्यांनी पातळ रबराची एक नळी केली, ती लाकडाच्या गोल तबकडीभोवती बसवली, वरून कापडाचे आवरण खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग घराच्या अंगणात त्यांनी आधी सायकलचे जुने चाक घरंगळत सोडले आणि नंतर हे नवे. जुने चाक मध्येच कलंडले. नवे चाक अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळी घेऊन मागे आले. हवा मऊपणा तर देतेच, शिवाय चाक हलकेही पळवते, हे त्या अंगणात सिद्ध झाले. १८८८ साली त्यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले.

पण लोकांचा विश्वास बसायला शर्यत व्हावी लागली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलशर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा खेळाडू हवेचे टायर लावून उतरला. त्याची ती जाडजूड चाके पाहून लोक हसले. ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या! हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वी डू क्रॉस यांची मुले होती. ते गृहस्थ व्यवहारी होते. मुलांच्या पराभवाचे दुःख करीत बसण्याऐवजी ते त्या टायरच्या मागे लागले आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये टायरची कंपनी उभी राहिली.

इथे मला एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यायची आहे. शर्यत जिंकणारे ते टायर रोजच्या रस्त्याला अजून लायक नव्हते. ते रिमला कापडाने गुंडाळून आणि सोल्यूशनने चिकटवून बसवलेले असे. पंक्चर झाले की सारे आवरण सोडवायचे, ठिगळ लावायचे आणि पुन्हा चिकटवायचे. या कामात तास न् तास जात. मैदानावर ते चालून गेले, कारण तिथे खिळे नसतात आणि माणसाला संध्याकाळी त्याच सायकलीवर घरी जायचे नसते. पुढे १८९० साली वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रिमवरून काढता-घालता येणारे टायर शोधून काढले. डू क्रॉस यांच्या कंपनीने ते हक्क विकत घेतले, तेव्हा कुठे हवेचे टायर सामान्य माणसाचे झाले.

डनलॉप यांच्या वाट्याला मात्र निराशा आली. त्यांच्याच देशातील रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, असे निघाले आणि डनलॉप यांचे मूळ पेटंट रद्द ठरले. थॉमसनच्या वेळी सायकलीच रूढ झाल्या नव्हत्या, म्हणून त्याचा शोध विस्मरणात गेला होता. काही वर्षांनी डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. १८९६ साली ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. त्या संपत्तीत त्यांना मोठा वाटा मिळाला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. नाव जगभर फिरले आणि माणूस मागे राहिला.

आता राहिलेली गोष्ट. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या आतेभावाने मोटारसायकलला लावण्यासाठी शहरातून शर्यतीचे वापरलेले टायर आणले. त्यांवर नक्षी नव्हतीच. असा गोटा झालेला टायर गिऱ्हाइकाने आणला, तर अण्णा तो बदलायला सांगतात. पण भाचा हट्टाला पेटला आणि अण्णांनी ते बसवून दिले. टायरच्या कडेवर, हे रस्त्यावर वापरू नये, असे इंग्रजीत छापलेले होते. अण्णांना इंग्रजी येत नाही. मला येते. मी ते वाचले होते आणि बोलले नाही. दोन पुस्तके शिकली म्हणून शहाणपण सांगते, असे म्हणतील, याची मला भीती वाटली.

शर्यतीचे रबर मऊ असते, पण ते चांगले तापल्यावरच रस्ता पकडते. आपल्या रोजच्या वेगात ते तापतच नाही. शिवाय पुन्हा पुन्हा तापून आणि निवून ते निबर होते. नक्षी नसल्यामुळे पावसाचे पाणी बाजूला जायला वाट मिळत नाही आणि टायर पाण्यावर तरंगते. पहिल्याच पावसात कारखान्याच्या वळणावर गाडी घसरली. आतेभावाचा पाय मोडला. आता तो चालतो, पण किंचित लंगडतो. आत्या आम्हाला काही बोलली नाही. अण्णा मात्र त्यानंतर किती तरी दिवस दुकानात मान खाली घालून काम करीत होते.

म्हणून मी डनलॉप यांचे चरित्र शोधून वाचले. त्यातून मला एवढेच उमगले की हवेचे टायर शर्यतीसाठी जन्मलेच नव्हते. एका पोराला रोजच्या खडबडीत रस्त्यावर दणके बसू नयेत, म्हणून ते झाले. शर्यतीने फक्त साक्ष दिली. आम्ही साक्षीदारालाच मालक समजतो, ही आमची चूक. दुसरी चूक माझी एकटीची. जॉनीने गाऱ्हाणे केले, कारण ऐकणारा बाप होता. माझाही बाप ऐकणारा होता, पण मीच बोलले नाही.

आता दुकानात नवा टायर आला की अण्णा तो माझ्यापुढे धरतात आणि मी त्याच्या कडेवरचे सगळे वाचून दाखवते. दुकानाच्या फळीवर मी खडूने मराठीत लिहून ठेवले आहे, की येथे शर्यतीचे टायर बसवून मिळणार नाहीत. पावसाने ते पुसले जाते. मी पुन्हा लिहिते.