सत्यापुढे नमलेला शास्त्रज्ञ : रॉबर्ट मिलिकन

विद्यार्थी मित्रहो, एखादी गोष्ट खोटी आहे अशी तुमची खात्री असावी, ती पारखण्यात तुमची वर्षानुवर्षे जावीत आणि शेवटी तीच खरी निघावी, तर तुम्ही काय कराल? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांच्यावर असाच प्रसंग आला होता.

त्यांचा जन्म २२ मार्च १८६८ रोजी इलिनॉय राज्यातील मॉरिसन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. ओबर्लिन कॉलेजात मिलिकन यांचा आवडता विषय ग्रीक. पण ग्रीकच्याच प्राध्यापकांनी त्यांना खालच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवण्यास सांगितले. हा विषय त्यांना जवळजवळ येतच नव्हता. त्यांनी पाठ्यपुस्तक घेतले आणि सुट्टीभर बसून त्यातील उदाहरणे सोडवली. पालकहो, एवढ्या पुंजीवर सुरुवात करून १८९५ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाचे पीएच.डी. झाले आणि १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले.

त्या काळी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. याला प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात. परंतु जस्ताच्या पत्र्यावर तांबडा प्रकाश कितीही प्रखर टाकला तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील किरण मात्र ते काम करतात. सोडियमला निळा प्रकाशही पुरतो. म्हणजे प्रत्येक धातूची एक किमान वारंवारता असते. तो जणू त्या धातूचा उंबरठाच. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी याचा उलगडा केला. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते. वारंवारता जास्त, तर पुडी मोठी. उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा एकाच पुडीत असावी लागते. लहान पुड्यांची संख्या वाढवून काम भागत नाही.

मिलिकन यांना हे पटेना. प्रकाश लहरींचा आहे, असे त्यांचे ठाम मत होते. पण मत सांगून ते थांबले नाहीत; त्यांनी प्रयोग हाती घेतला. सोडियमला हवा लागताच त्यावर पुट चढते. म्हणून त्यांनी निर्वात काचपात्रातच एक सुरी बसवली आणि बाहेरून लोहचुंबकाने ती फिरवून धातू ताजा तासण्याची सोय केली. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर, १९१६ मध्ये, त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. आलेखावर आइन्स्टाइन यांनी सांगितलेली सरळ रेषाच उमटली होती! प्रकाश पुड्यांनी येतो ही कल्पना तेव्हाही त्यांना पटली नव्हती; तरी समीकरण अचूक आहे, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले.

आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक याच नियमासाठी मिळाले. १९२३ चे मिलिकन यांना मिळाले, ते इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजल्याबद्दल आणि या प्रयोगांबद्दल. १९ डिसेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आले नाही, म्हणून आकडे बदलण्याचा मोह तुम्हाला कधी झाला, तर मिलिकन यांची आठवण ठेवा. आपले मत बाजूला ठेवून समोरचे सत्य लिहिणे, हीच खरी विद्या.