बीडचे खासदार क्रांतिसिंह नाना पाटील

क्रांतिसिंह नाना पाटील म्हटले की साताऱ्याचे पत्री सरकार आठवते. परंतु हेच नाना १९६७ साली आपल्या बीडमधून लोकसभेवर निवडून गेले होते, हे येथील पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. यंदा माझे नाव मतदारयादीत आले. लोकप्रिय पुढारी आणि लोकानुनय करणारा पुढारी यांत भेद कसा करावा, हा प्रश्न मनात ठेवून मी नानांच्या चरित्राकडे वळलो.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र येथे झाला. ते तलाठी होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरीवर पाणी सोडले व तुरुंगवास पत्करला. १९४२ साली ते भूमिगत झाले आणि १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

त्यांची भाषणे अस्सल खेडवळ बोलीत असत. ती ऐकायला माणसांचा समुद्र लोटे. एवढी लोकप्रियता लाभलेला माणूस लोकांना हवे ते आश्वासन देऊ शकला असता. नानांनी उलट लोकांकडेच मागितले. लग्नातील उधळपट्टी सोडा, दारू सोडा, गावचा तंटा गावातच मिटवा, हे त्यांचे मागणे होते. त्यातूनच गांधी विवाह आणि न्यायदान मंडळे उभी राहिली.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. गुंडांना व खबऱ्यांना तळपायावर मार बसे आणि त्या शिक्षेवर वरचे न्यायालय नव्हते. परसत्तेशी झुंजताना लोकांनी ते मान्य केले. स्वराज्यात मात्र लोकांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेलाही लगाम हवाच, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते उत्तर साताऱ्यातून खासदार झाले. दहा वर्षांनी बीडने त्यांना निवडले. कृष्णाकाठचा हा माणूस ना गाववाला, ना सोयरा. तरीही बालाघाटाच्या शेतकऱ्याने त्याला आपला मानले.

१९७१ साली गरिबी हटाव या घोषणेची लाट आली. बीडही तिच्यात सामील झाले. इंदिरा काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. गरिबी हटावी असे कोणाला वाटत नाही? परंतु ती कशी व किती दिवसांत हटणार, हे घोषणेत नव्हते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर बंधने आली आणि १९७६ मध्ये व्हायची निवडणूक पुढे ढकलली गेली. म्हणजे घोषणेचा हिशेब मागण्याचा दिवसच मतदाराच्या हातून गेला. नानांच्या स्वतःच्या पक्षानेही आणीबाणीला पाठिंबा दिला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याच काळात, ६ डिसेंबर १९७६ रोजी, नाना निवर्तले. मतदाराला तो दिवस पुन्हा लाभला मार्च १९७७ मध्ये.

मोठी आश्वासने देणारे पक्ष पूर्वी होते, आजही आहेत. त्यांपैकी कोणाला मत द्यावे हे मी सांगणार नाही. मात्र जो पुढारी केवळ देण्याची भाषा करतो, पैसा कोठून येणार हे सांगत नाही आणि विचारणाऱ्याला लोकांचा शत्रू ठरवतो, त्याला मत देताना आपण पुढच्या वेळी हिशेब मागण्याचा हक्कही पणाला लावत असतो. नानांच्या चरित्राने मला एक साधी कसोटी दिली : हा माणूस माझ्याकडून काही कष्टाची अपेक्षा ठेवतो, की केवळ टाळ्यांची?