गणिताचे मास्तर ग्रंथपाल झाले : डॉ. रंगनाथन

शाळेत मासिकाचा नवा अंक आला की काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अंक एक आणि वाचणारे चाळीस! ज्याच्या हाती तो पहिल्यांदा लागतो, त्याची मजा. तो दप्तरात घालून घरी नेतो, मग त्याची बहीण वाचते, शेजारचा बंड्या वाचतो आणि अंक परत यायचे नाव नाही. ज्याचा नंबर शेवटी, त्याला कव्हरसुद्धा बघायला मिळत नाही. मोठमोठ्या ग्रंथालयांतही हाच घोटाळा होत असे. तो निस्तरायला एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून सारे जग त्यांना ओळखते.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये शियाळी या गावी झाला. हे गाव त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात होते. तंजावर म्हणजे जिथे भोसल्यांनी राज्य केले आणि सरस्वती महाल हे ग्रंथांचे भांडार वाढवले, तेच. रंगनाथन सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपणी त्यांना बोलताना अडखळायला होई. दुसरा कोणी असता तर चारचौघांत तोंड उघडायला लाजला असता. पण या मुलाने जिद्दीने त्यावर मात केली, मद्रासला जाऊन गणिताचा अभ्यास केला आणि पुढे चक्क गणिताचा प्राध्यापक झाला.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना आपले पहिले ग्रंथपाल नेमले. पण तिथे त्यांचा जीव रमेना. कॉलेजात मुलांचा गलका, फळा, खडू, प्रश्न आणि उत्तरे. इथे नुसती शांतता! वाचायलाही फारसे कोणी फिरकत नसे. थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या कॉलेजात गेले आणि मला परत घ्या म्हणाले. तेव्हा असे ठरले, की आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचे काम शिकावे, मग वाटले तर परत यावे.

रंगनाथन लंडनला गेले आणि त्यांचे डोळेच उघडले. तिथे कामगार, बायका, लहान मुले असे सगळे वाचनालयात येत होते. पुस्तके कुलपात नव्हती, माणसांच्या हातात होती. रंगनाथन यांच्या मनाने घेतले, की हे आपल्या देशातही झाले पाहिजे.

लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी एक खेळणे पाहिले. पत्र्याच्या पट्ट्या, चाके, नटबोल्ट. तेच तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडले की कधी गाडी होई, कधी पूल. त्यावरून त्यांना युक्ती सुचली. पुस्तकाच्या विषयाचेही असेच लहान लहान तुकडे करून ते चिन्हांनी जोडले तर? म्हणजे कितीही नवे विषय निघाले तरी प्रत्येकाला फडताळात आपली जागा मिळेल. यातूनच त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती तयार झाली. तिचे पुस्तक १९३३ साली निघाले.

१९२५ साली ते मद्रासला परतले. आता कॉलेजात परत जायचे नावही त्यांनी काढले नाही. वाचकांना फडताळापर्यंत जाऊन स्वतः पुस्तक निवडण्याची मुभा त्यांनी दिली. कामाची त्यांना एवढी गोडी लागली, की १९२९ साली स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी ते ग्रंथालयात हजर झाले, असे सांगतात!

ग्रंथालय कसे असावे, याचे पाच नियम त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडले. त्यांचे सार असे : पुस्तक शोभेसाठी नसते, वापरण्यासाठी असते. वाचणारा कोणीही असो, त्याला हवे ते पुस्तक मिळाले पाहिजे. कुठलेही पुस्तक वाचकावाचून पडून राहू नये. वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये. आणि ग्रंथालय झाडासारखे सारखे वाढत असते, म्हणून त्याची निगा राखावी लागते.

आता मासिकांची गोष्ट. पुस्तक एकदा आले की आले. मासिकाचे तसे नाही. ते दर महिन्याला येते, कधी उशिरा येते, कधी टपालात गहाळ होते. ग्रंथालयात अशी शेकडो नियतकालिके येत असतात. कोणता अंक आला नाही हे वेळेवर ध्यानात आले नाही, तर मागाहून तो मिळणे कठीण. मग वर्षाच्या बाराच्या ठिकाणी अकराच अंक! रंगनाथन यांचे गणिती डोके इथे कामाला आले. त्यांनी तीन कार्डांची पद्धत बसवली.

पहिले नोंदकार्ड. एका मासिकाला एक कार्ड. त्यावर मासिकाचे नाव, वर्गणी आणि कोणता अंक कोणत्या तारखेला आला ते लिहायचे. दुसरे तपासणीकार्ड. ही कार्डे आठवड्यांप्रमाणे लावायची. या आठवड्यात जो अंक यायचा, त्याचे कार्ड या आठवड्याच्या खणात. अंक आला की ते उचलून पुढच्या अंकाच्या आठवड्यात ठेवायचे. आठवडा संपल्यावर जी कार्डे खणात उरली, ते अंक आलेले नाहीत! लगेच पत्र टाकायचे. तिसरे कार्ड विषयवार. कोणत्या विषयाची कोणती मासिके आपल्याकडे आहेत आणि कोठपर्यंतचे अंक आहेत, हे त्यावरून चटकन कळते. आहे की नाही सोपी गंमत? वर्गातल्या हजेरीसारखीच. हजेरी घेतली म्हणूनच कळते ना, आज कोण आले नाही ते!

शाळांनाही ते विसरले नाहीत. शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ साली पुस्तक लिहिले. खेड्यांकडेही त्यांचे लक्ष होते. कनकसभै पिळ्ळै नावाच्या इंजिनिअरने १९३१ साली मन्नारगुडीला बैलगाडीतून गावोगाव पुस्तके पोचवणारे फिरते ग्रंथालय सुरू केले, त्या कामाला रंगनाथन यांचा पाठिंबा होता. पुढे त्यांनी काशी आणि दिल्लीच्या विद्यापीठांत काम केले. १९४८ साली मद्रास प्रांतात ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागेही त्यांची खटपट होती. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ साली झाला. १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची राहणी मात्र साधीच राहिली. साठवलेले एक लाख रुपये त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणासाठी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण म्हणून १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळतात.

मुलांनो, अशा माणसाचे चरित्र वाचून नुसती मान डोलवायची नसते. आपल्या कपाटातल्या मासिकांची देवघेव त्यांच्या रीतीने करून पाहू या. अंक आला की तारीख घालून वहीत नोंद करायची. नवा अंक पहिला आठवडा वर्गातच राहील, घरी जाणार नाही. मधल्या सुट्टीत दोघादोघांनी मिळून वाचावा. मग तो पाळीपाळीने दोन दिवसांसाठी घरी न्यावा. प्रत्येक अंकाला एक कार्ड करायचे. अंक नेणाऱ्याने त्यावर नाव आणि तारीख लिहून कार्ड डब्यात ठेवायचे. अंक परत आला की कार्ड पुन्हा अंकात. डब्यात कार्ड आहे म्हणजे अंक बाहेर आहे, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. वर्षाअखेर बारा अंक दोऱ्याने शिवून ठेवले, की पुढच्या वर्षीच्या मुलांना आयतेच पुस्तक!

काहींना वाटेल, एका पातळ अंकासाठी एवढी लिहालिही कशाला? पण ही नोंद कोणाला पकडायला नाही. ज्याच्या घरी पेपर येत नाही, ज्याचा बाप मजुरीला जातो, जी मुलगी धाकट्या भावाला सांभाळून शाळेत येते, त्यांना वाचायला हाच अंक आहे. आपण तो चार दिवस जास्त ठेवला, तर त्यांचे चार दिवस जातात. नोंद नीट असली की भांडावे लागत नाही, वशिला लागत नाही, आपला नंबर येतोच. गणिताच्या या मास्तरांनी जन्मभर जो हिशेब केला, तो यासाठीच.

तेव्हा, ज्यांच्या घरी जुने अंक राहिले असतील, त्यांनी ते उद्याच आणून द्यावेत. कोणीतरी त्यांची वाट पाहत आहे.