मुक्यांना वाणी देणारा गुरू

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांचे नाव सर्वतोमुखी आहे; परंतु ते स्वतःस प्रथम बहिऱ्या मुलांचे शिक्षक मानीत.

त्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते, तर आईला फार कमी ऐकू येई. इतर लोक तिच्याशी मोठ्याने बोलत. लहानगा अलेक्झांडर मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, स्पष्ट स्वरात बोले आणि तिला ते कळे.

जीभ, ओठ व कंठ ह्यांची ठेवण दाखविणारी एक लिपी वडिलांनी तयार केली होती. सभेत श्रोत्यांनी काढलेले चमत्कारिक ध्वनी ते तीत लिहीत. बाहेर थांबलेला अलेक्झांडर आत येऊन तेच ध्वनी हुबेहूब उच्चारी.

क्षयाने दोन्ही भाऊ गेल्यावर १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल बॉस्टनच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. जन्मतः बहिऱ्या मुलाचा कंठ बहुधा निर्दोष असतो. तरी ते बोलत नाही, कारण मूल भाषा कानाने शिकते. ते इतरांचे शब्द ऐकते, आपलेही ऐकते आणि चूक सुधारते. कानच मिटलेले असतील तर काय करावे? ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात. नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. परंतु कंठावर बोटे ठेवली, तर ‘ब’ म्हणताना ओठ मिटलेले असतानाच कंप जाणवतो. कानाचे काम दृष्टी व स्पर्श ह्यांच्याकडून करवून घेणे, ही बेल ह्यांची रीत होती. एका पाच वर्षांच्या बहिऱ्या मुलासाठी त्यांनी हातमोज्यावर अक्षरे लिहिली. त्यांना क्रमाने स्पर्श करून गुरुशिष्य शब्द जुळवीत.

दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग, अशा परिश्रमांतून १८७६ मध्ये टेलिफोन सिद्ध झाला. बालपणीच बहिऱ्या झालेल्या आपल्या विद्यार्थिनीशी, मेबल हबर्डशी, त्यांनी १८७७ मध्ये विवाह केला. कीर्ती व संपत्ती लाभली, तरी मूळ कार्य सुटले नाही. १८८६ मध्ये आंधळ्या व बहिऱ्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनीच तिच्या शिक्षणाची वाट दाखविली.

मात्र हातांच्या खुणांच्या भाषेला त्यांनी विरोध केला आणि त्यामुळे अनेक बहिऱ्या माणसांची मने दुखावली. ती भाषाही परिपूर्ण असते, हे आज मान्य झाले आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल निवर्तले. त्यांच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. निःशब्द मुलांसाठी झिजलेल्या त्या गुरूला निःशब्दतेनेच मानवंदना मिळाली.