राजा रविवर्मा

त्रावणकोर संस्थानात किळिमानूर नावाची एक लहानशी जहागीर होती. तेथील वाड्यात २९ एप्रिल १८४८ रोजी रविवर्मा यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित होते आणि आई उमांबा स्वतः काव्यरचना करीत असे. घरात पुराणांचे पठण नित्य चाले. कथकळीचा खेळ रंगला की नळ, दमयंती, रावण, जटायू ही मंडळी दिव्याच्या उजेडात मुलाच्या डोळ्यांपुढे जणू प्रत्यक्ष उभी राहत. केरळातील त्या घराण्यांत वंश आईकडून चालत असे. त्यामुळे मुलांवर मामाचे छत्र असे. रविवर्म्यांचे मामा राजराजवर्मा हे तंजावर धाटणीची चित्रे काढीत. भाच्याने वाड्याच्या स्वच्छ भिंतींवर कोळशाने पशुपक्षी रेखाटले, तेव्हा मामांनी त्याला शिक्षा केली नाही. त्याच्या हाती कुंचला दिला.

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामा त्याला त्रिवेंद्रमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांकडे घेऊन गेले. पाने, फुले, साली व माती यांपासून रंग करण्याची जुनी रीत त्याला ठाऊक होती. परंतु तैलरंगांची विद्या तेथे फार थोड्यांना अवगत होती. चित्रकार रामस्वामी नायकर यांनी ती शिकविण्याचे नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही धडे दिले नाहीत. आपले काम चालू असता केवळ पाहण्याची मुभा दिली. तरुण रविवर्म्याला तेवढी मुभा पुरेशी झाली. पाहिलेले स्मरणात ठेवावे, घरी येऊन करून पाहावे, बिघडले की पुन्हा आरंभ करावा, असा त्याचा क्रम चालला. गुरूने दार लावून घेतल्यावर फटीतून येणाऱ्या उजेडावरच विद्या मिळविण्याचा हा प्रकार होता!

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याचा विषय दूरचा नव्हता: केसांत फुलांची माळ घालणारी नायर स्त्री. पुढे शकुंतला, दमयंती, मोहिनी ह्या लहानपणी ऐकलेल्या कथांतील स्त्रिया त्यांच्या पटावर आल्या. १८९३ सालच्या एका चित्रात कडेवर मूल घेतलेली केरळी माता घरी येणाऱ्या पित्याकडे बोट दाखविते. पिता चित्रात नाहीच. तो येत असल्याचे आपल्याला तिच्या मुद्रेवरून कळते.

त्रावणकोरचे एके काळचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी गृहस्थ. ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि त्यांच्यामुळे रविवर्म्यांचा बडोद्याशी संबंध जडला. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातील चौदा प्रसंगांची चित्रे करवून घेतली. येथे एक अडचण उभी राहिली. सीता, द्रौपदी यांना वेश कोणता द्यावा? साऱ्या देशाला आपला वाटेल असा पोशाख शोधण्यासाठी रविवर्मा धाकट्या भावासह उत्तर हिंदुस्थानात हिंडले. भावाचे नावही राजराजवर्माच. तोही चित्रकार होता. सर्वत्र सारखा असा पोशाख कोठेच आढळला नाही. अखेर त्यांनी साडी निवडली. आज देवीचे रूप डोळ्यांपुढे आणताना आपल्याला सहज साडीच दिसते, त्यात ह्या निवडीचा मोठा वाटा आहे.

ही चित्रे राजवाड्यांत लागली. सामान्य माणसाला तेथे कोण जाऊ देणार? चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी पूर्वीच सुचविले होते. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आणले. एकेका रंगासाठी निराळा दगड तयार करावयाचा आणि एकाच कागदावर ते सारे रंग एकावर एक तंतोतंत बसवावयाचे, असे ते नाजूक काम होते. शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम छापून निघाले. त्यामागून लक्ष्मी आली, सरस्वती आली, आणि थोड्या पैशांत ती दुकानांत, झोपड्यांत, माजघरांत जाऊन बसली. अस्पृश्य मानलेल्या लोकांना त्या काळी देवळाची पायरी चढता येत नसे. त्रावणकोरात ती बंदी १९३६ साली उठली. त्यांच्याही घरी आता देव आला. पुढील काळातील काही टीकाकारांनी ह्या चित्रांना नाटकी आणि युरोपीय वळणाची ठरविले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्यांच्या भिंतीवर पूर्वी काहीच नव्हते, त्यांची तक्रार नव्हती.

व्यवहारात मात्र रविवर्मा कच्चे ठरले. मुंबईत प्लेग आला, कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला आणि कर्ज वाढत गेले. शेवटी फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन कारागिराला तो विकून टाकणे भाग पडले. १९०५ च्या जानेवारीत, इतकी वर्षे प्रत्येक चित्राला आणि प्रत्येक प्रवासाला सोबत असलेला धाकटा भाऊ वारला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्म्यांनी किळिमानूर येथे देह ठेवला. मळवलीच्या दगडांवरून त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती त्यानंतरही कित्येक वर्षे छापून निघत होत्या.