विज्ञानव्रती कमलाबाई सोहोनी

आमच्या इंदापूर तालुक्यात नीरा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नीरा म्हणजे नदी आणि तिचा डावा कालवा. या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे आणि आमच्या घरची चूलही त्याच पाण्यावर पेटते. दुसरी नीरा म्हणजे पहाटे झाडावरून उतरवलेला गोड रस. कॉलेजला येताना एसटीतून उतरले की वाटेत नीरेची एक छोटी टपरी लागते. तेथून रोज जाताना या पेल्यातल्या रसाचा एका थोर स्त्रीच्या आयुष्याशी संबंध आहे, हे मला ठाऊक नव्हते. ती स्त्री म्हणजे डॉ. कमला सोहोनी. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्रातले मला फारसे कळत नाही. तरीही त्यांच्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

कमलाबाईंची ओळख मला मराठीच्या तासामुळे झाली. दुर्गा भागवतांच्या लेखनाबद्दल शिकवताना आमच्या सरांनी सहज सांगितले की दुर्गाबाईंची धाकटी बहीण मोठी शास्त्रज्ञ होती. वर्गातल्या कोणालाच तिचे नाव सांगता आले नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई आम्हाला माहीत होत्या. त्यांची बहीण मात्र माहीत नव्हती, याची मला लाज वाटली. त्याच आठवड्यात मी ग्रंथालयात जाऊन शोध सुरू केला.

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. घर विद्येचे होते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरला टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. आपणही त्याच संस्थेत जाऊन संशोधन करायचे, ही कमलाबाईंची लहानपणापासूनची इच्छा होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, त्याही गुणानुक्रमे पहिल्या. एवढे गुण असल्यावर प्रवेशाची चिंता करण्याचे कारणच नव्हते. त्यांनी बंगलोरला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताची मान उंचावली होती. अशा थोर शास्त्रज्ञाने नकाराचे कारण काय द्यावे? अर्जदार मुलगी आहे, एवढेच ते कारण होते. गुण कमी पडले असते तर अधिक अभ्यास करता आला असता. मुलगी असण्यावर उपाय कोणता?

कमलाबाई वडील आणि चुलत्यांसह बंगलोरला गेल्या. वडीलधाऱ्यांनी समजावून पाहिले, पण रामन बधले नाहीत. तेव्हा या बावीस वर्षांच्या मुलीने गांधीजींचा मार्ग धरला. आपल्याला नाकारण्याचे योग्य कारण मिळेपर्यंत येथून हलायचे नाही, असे ठरवून तिने सत्याग्रह आरंभला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक ठरले तरच पुढचा विचार होणार होता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. कमलाबाईंना हा अपमान वाटला, तरी त्यांनी अटी मान्य केल्या. हा अपमान त्या पुढे आयुष्यभर विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. रामन यांची थोरवी मान्य करूनच त्या सांगत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एखादा मनुष्य थोर असला म्हणून त्याची चूक बरोबर ठरत नाही आणि चूक झाली म्हणून त्याची थोरवीही पुसली जात नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगते. दहावीनंतर मला विज्ञान शाखा हवी होती. प्रवेशाच्या वेळी एका ठिकाणी मला सांगण्यात आले की खेड्यातून येणाऱ्या मुलींना प्रॅक्टिकल झेपत नाही, संध्याकाळची गाडी चुकते, तेव्हा आर्ट्स घेतलेले बरे. आबा शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईला तर सहीपुरतीच अक्षरे येतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. मी कलेचा फॉर्म भरला. आज मला मराठी विषय मनापासून आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कमलाबाईंचा सत्याग्रह वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. कारण विचारण्याइतकेही धैर्य मला का झाले नाही, हा प्रश्न पिच्छा सोडीना.

बंगलोरमध्ये कमलाबाईंना श्रीनिवासय्या हे चांगले मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. गरीब माणसाला मांस परवडत नाही, त्याची ताकद डाळींवर अवलंबून. म्हणून हा विषय पुस्तकी नव्हता. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. १९३६ साली कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

१९३७ साली शिष्यवृत्त्या मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करायचे होते, पण तेथील जागा भरलेल्या होत्या. तेव्हा डेरेक रिक्टर या शास्त्रज्ञाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले आणि स्वतःचे काम तो रात्री करू लागला. एका ठिकाणी मुलगी म्हणून जागा नाकारली गेली, दुसऱ्या ठिकाणी एका परक्याने आपली जागा अर्धी करून दिली. जगात दोन्ही प्रकारची माणसे असतात, हेच खरे.

पुढे रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्या वनस्पतींवर काम करू लागल्या. संशोधनाचा विषय आपला रोजचा बटाटा! सजीवांच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त प्रथिन असते. दुष्काळात टँकर आला की आमच्याकडे बायका रांग धरून हंडे हातोहात पुढे देतात. पेशी श्वसन करते तेव्हा हे द्रव्य तसेच रांगेत उभे राहून इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते आणि त्यातून पेशीला शक्ती मिळते. बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींतही हे द्रव्य असते आणि ऑक्सिडीकरणात भाग घेते, असे कमलाबाईंना दिसून आले. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पूर्ण केला. तो फक्त चाळीस पानांचा होता. त्यावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्या परदेशातच राहू शकल्या असत्या. पण देश पारतंत्र्यात होता, गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती. १९३९ मध्येच त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. १९४९ साली तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या.

आता त्या टपरीवरच्या पेल्याकडे येते. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाला संध्याकाळी मडके बांधतात. रात्रभर रस पाझरतो आणि ऊन चढण्याआधी तो उतरवून थंड ठेवावा लागतो. उशीर झाला की रसातील साखरेवर यीस्टची क्रिया सुरू होते आणि गोड नीरा आंबून मादक बनते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. औषधाच्या बाटलीऐवजी गरिबाच्या बांधावरच्या झाडात पोषण शोधणारी ही दृष्टी होती.

त्यांचे दुसरे काम कडधान्यांवरचे. आपल्या पोटात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे द्रव्य असते. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी काही द्रव्ये असतात. कडधान्य नीट शिजवले की त्यांचा जोर बराच ओसरतो. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील या द्रव्यांवर संशोधन केले. माझी आजी वाल रात्रभर भिजवून, चांगले शिजवल्याशिवाय आम्हाला खाऊ देत नसे. कच्चे खाल्ले की पोट धरते, एवढेच तिचे शास्त्र. आजीच्या चुलीवरचे शहाणपण आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतील संशोधन यांची अशी गाठ पडलेली पाहून मला फार आनंद झाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांचे साहाय्य झाले.

एवढे कार्य असूनही अडथळे संपले नाहीत. संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, पण अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षे डावलले गेले. शेवटी ते पद त्यांना मिळाले आणि १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. निवृत्त होऊन त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्यांनी मनापासून काम केले. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, मापात फसवणूक कशी टाळावी, यांविषयी त्यांनी संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. पीएच.डी. झालेली बाई गृहिणीला हळदीतली भेसळ ओळखायला शिकवते, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, जूनअखेरीस, त्यांची प्राणज्योत मालवली. सन्मान आला, पण आयुष्याच्या अगदी शेवटी.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याला कारण होते. माझी धाकटी बहीण दहावी झाली होती आणि तिला विज्ञान हवे होते. घरात तोच जुना विचार चालला होता. खर्च, शेवटची गाडी, आणि पुढे लग्न. आबा निमूटपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्या मुलीचा बाप तिच्यासोबत बंगलोरला गेला होता काय? मी सांगितले, गेला होता, आणि चुलताही. पण ते स्वतः त्या संस्थेत शिकलेले होते, त्यांना वाट माहीत होती. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आपल्याला ती वाट माहीत नाही, पण फाट्यापर्यंतची वाट माहीत आहे, तेवढी आपण चालू. मात्र एक वर्ष बघू, झेपले तर पुढे.

एक वर्षाची अट ऐकून मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. आबांना रामन ठाऊक नव्हते, त्यांची अटही माझ्या लेखातून त्यांनी नुकतीच ऐकली होती. पण रामन यांच्या अटीत अविश्वास होता आणि आबांच्या अटीत काळजी होती, हा फरक मी विसरणार नाही.

बहिणीने अट मान्य केली. ती आता अकरावी विज्ञानात आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे तेवढी चिंता नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती शेवटच्या गाडीने येते आणि आबा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे असतात.

— द्वितीय वर्ष कला