प्राध्यापक जे. बी. एस. हाल्डेन

आश्विन महिन्यात पहाटे पंचवटीतील एखाद्या जुन्या वाड्यावरून जावे, तर अंगणात प्राजक्ताचा सडा पडलेला दृष्टीस पडतो. मुले ती फुले वेचतात, मुली त्यांचे हार गुंफतात. परंतु एकेका फुलाला पाकळ्या किती आहेत, हे मोजून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मोजल्यास पुष्कळ फुलांना सहा पाकळ्या आढळतील, काहींना पाच, काहींना सात, आणि क्वचित् एखाद्या फुलाला आठही. झाड एकच, माती एकच, पाणीही एकच. आणि तरी फुलाफुलांत हा भेद का असावा? हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु असल्याच प्रश्नांच्या मागे लागून ज्या विख्यात पंडिताने आपला देश सोडला व आयुष्याची अखेरची वर्षे हिंदुस्थानात घालविली, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहे.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घराणे स्कॉटलंडमधले. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे शरीरशास्त्रज्ञ असून कोळशाच्या खाणीत मजुरांचे प्राण घेणाऱ्या विषारी वायूंचा त्यांनी शोध चालविला होता. मुलाला ते लहानपणापासून बरोबर नेत. एकदा खाणीत एका नीचट जागी नेऊन त्यांनी त्याला उभे केले व शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलगा धापा टाकू लागला, पाय लटपटले आणि तो जमिनीवर कोसळला. खाली पडताच त्याचा श्वास मोकळा झाला. खाणीतला तो ज्वालाग्राही वायू हलका असल्यामुळे छताशी साचतो, हा धडा त्याला पुस्तक न उघडता मिळाला. आजच्या पालकांनी हा प्रयोग करू नये हे सांगणे नलगे! तथापि, प्रयोग करावयाचा तो आधी आपल्या देहावर, ही वडिलांची शिकवण मुलाच्या हाडीमांसी खिळली.

वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका व्याख्यानास नेले. ब्रून येथील ऑगस्टिनी मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे जे नियम शोधून काढले, ते चौतीस वर्षे अज्ञातवासात पडून १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. व्याख्यान त्यांवरच होते. पुढे धाकटी बहीण नाओमी हिने घरी गिनीपिग पाळले, तेव्हा भावंडांनी त्यांच्या रंगरूपावरून मेंडेलचे नियम पडताळण्यास आरंभ केला. मग उंदीर आणले. स्प्रंट नावाचा एक मित्रही या कामात सामील झाला. दोन निराळे गुण काही वेळा जोडीनेच आईबापांकडून पिलांकडे येतात, असे त्यांना सस्तन प्राण्यात प्रथमच दिसून आले. परंतु १९१५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला त्या वर्षीच स्प्रंट महायुद्धात कामास आला, आणि हाल्डेन स्वतः फ्रान्समध्ये खंदकात होते. विश्वविद्यालयात त्यांनी गणित व ग्रीक-लॅटिन वाङ्मय यांचा अभ्यास केला होता. पुढे शास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजलेल्या या मनुष्याजवळ शास्त्राची पदवी अशी कधीच नव्हती.

फ्रान्समध्ये ते जखमी झाले. मेसोपोटेमियात पुन्हा झाले, आणि तेथून त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हा देश त्यांना आवडला. मात्र राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून येथे वावरणे त्यांना रुचेना. हिंदी माणसांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच परत यावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. त्याला पुढे चाळीस वर्षे लागली.

त्यांच्या कीर्तीचा पाया १९२४ साली घातला गेला. डार्विनने १८५९ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, रानावनात एकाच जातीचे सर्व जीव सारखे नसतात. त्यांच्यातील जे भेद परिस्थितीस अनुकूल असतील ते धारण करणारे अधिक जगतात व त्यांची प्रजा अधिक वाढते. आणि असे पिढ्यान्पिढ्या होता होता जातीचे रूपच पालटते. ह्यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. पण हे भेद पुढच्या पिढीत उतरतात कसे, हे डार्विनला उमगले नव्हते. ते मेंडेलला उमगले होते, आणि दोघांची गाठ कधी पडली नाही. हाल्डेन यांनी या दोघांच्या विचारांची सांगड गणिताने घातली. इंग्लंडात फिशर व अमेरिकेत राइट हेही त्याच काळी याच कामास लागले होते.

हाल्डेन यांनी घेतलेले उदाहरण एका पतंगाचे होते. इंग्लंडात मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके असलेला एक पांढुरका पतंग आहे. झाडाच्या सालीवर दगडफूल वाढलेले असले म्हणजे त्यावर बसलेला हा पतंग पक्ष्यांच्या नजरेस पडत नाही. मँचेस्टर शहराजवळ १८४८ साली याच जातीचा एक काळा पतंग नोंदला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडे काळवंडली, दगडफूल मेले, आणि शतक संपता संपता तेथील शंभर पतंगांत पंचाण्णवांहून अधिक काळे झाले. याची वर्षाला एकच पिढी होते. तेव्हा पन्नास पिढ्यांत एवढा पालट होण्यास काळ्या पतंगाची संतती पांढऱ्याच्या कितीपट टिकली पाहिजे? हाल्डेन यांचे उत्तर होते, सुमारे दीडपट.

आमच्या विद्यार्थ्यांनी चक्रवाढ व्याजाची उदाहरणे केलीच आहेत. शंभर पतंगांत एक काळा व नव्याण्णव पांढरे धरा, आणि दर पिढीस पांढऱ्यांच्या मानाने काळे दीडपट करीत चला. दहा पिढ्यांनंतर ९९ पांढऱ्यांमागे काळे सुमारे ५८ होतात. वीस पिढ्यांनंतर ३,३२५. म्हणजे शंभरांत पांढरे अवघे तीन उरले! खरे गणित याहून अवघड आहे, कारण पांढरेपणाचे बीज काळ्या पतंगाच्या अंगी दडून राहू शकते. तथापि रीत हीच. त्या काळी एवढी तीव्र निवड पुष्कळांना असंभाव्य वाटली. पुढे १९५० नंतर रानात प्रयोग होऊन पक्षी खरोखरच उठून दिसणारे पतंग वेचून खातात असे दिसले. आणि धूर कमी करण्याचा कायदा तेथे १९५६ साली झाल्यावर काळे पतंग पुन्हा विरळ होत गेले.

आपल्या प्रांतातही याला जोड आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसांच्या आधी उंदीर पटापट मेले. वर्षानुवर्षे ही साथ फिरून फिरून येत राहिली. परळच्या हाफकिन संस्थेतील सोखी व चित्रे यांनी १९३७ साली असे प्रसिद्ध केले की, प्लेगने दीर्घकाळ ग्रासलेल्या शहरांतील उंदरांना तो रोग टोचला असता ते, प्लेग जेथे फारसा पोहोचला नाही तेथील उंदरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात जगतात. त्या उंदरांना कोणी लस टोचली नव्हती. ज्यांच्या अंगी जन्मतः काही प्रतिकारशक्ती होती तेवढे वाचले, आणि पुढची प्रजा त्यांची झाली.

रोग हीच निवडीची मोठी चाळणी असावी, हे हाल्डेन यांनी १९४९ साली मांडले. भूमध्यसमुद्राकाठच्या लोकांत रक्ताचा एक आनुवंशिक विकार फार आढळतो. दोन्ही पालकांकडून त्याचे बीज आले तर त्या काळी मूल बहुधा दगावत असे. असे घातक बीज नाहीसे का होत नाही? हाल्डेन यांचा तर्क असा की, एकाच पालकाकडून ते आले तर मूल हिवतापापासून बचावत असले पाहिजे. आफ्रिकेतील सिकल सेल या तशाच विकाराविषयी ॲलिसन यांनी १९५४ साली हे दाखवून दिले. या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आमच्या पालकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. सातपुड्यातील भिल्ल व पावरा, तसेच गडचिरोलीकडील माडिया व गोंड यांच्यात हे बीज पुष्कळांच्या रक्तात आहे; काही जमातींत शंभरांत वीसच्या आसपास. ज्याला एकच बीज मिळाले तो बहुधा धडधाकट असतो. परंतु असे दोघे विवाहबद्ध झाले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक या प्रमाणात रोगाची भीती असते. हा कोणाचा शाप नव्हे किंवा कुळाचा कलंकही नव्हे. ज्या जंगलात हिवताप घरोघरी माणसे नेत होता, तेथे पूर्वजांना जगविणारे हेच बीज होय. रक्त तपासून घेण्यास एक टोचणी पुरते.

आता दोषांविषयी. हाल्डेन कम्युनिस्ट पक्षात होते. रशियातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव यांनी त्यांना १९२८ साली आपल्या देशी पाहुणे म्हणून नेले होते. त्याच वाविलोवांना पुढे मेंडेलचे शास्त्र मानल्याबद्दल छळ सोसावा लागला व १९४३ साली ते तुरुंगात उपासमारीने वारले. छळणाऱ्या लायसेंकोच्या पक्षाविरुद्ध हाल्डेन यांनी स्पष्ट शब्दांत बोलावे अशी सर्वांची अपेक्षा होती. ते बराच काळ बोलले नाहीत. पक्ष त्यांनी सोडला, पण उशिरा. स्वतःच्या शरीराला ज्याने कधी भ्याले नाही, त्याने येथे कच खाल्ली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण शरीराच्या बाबतीत ते खरोखर निर्भय होते. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसे गुदमरून मेली, तेव्हा ती कशी मेली हे समजावे म्हणून हाल्डेन स्वतः बंद पेटीत तशाच दूषित हवेत बसले. अशाच एका प्रयोगात आचके येऊन त्यांच्या पाठीचे मणके दुखावले. ती पीडा जन्मभर राहिली.

ते देव मानीत नसत. प्रार्थनेने दिवस सुरू होणाऱ्या शाळेच्या वार्षिकात त्यांचे चरित्र कशाला, असे काही पालक विचारतील. हे शास्त्र ज्याने जन्मास घातले तो मेंडेल मठाधिपती होता, आणि ते ज्याने वाढविले तो नास्तिक होता. वाटाणे दोघांनाही एकच उत्तर देतात. माझी श्रद्धा सृष्टीच्या हिशेबाने ढळलेली नाही; पण ती टिकावी म्हणून मुलांपासून हिशेब लपवावा, हे मला मान्य नाही.

१९५७ साली हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले. त्यांनी हिंदी पोषाख स्वीकारला, मांसाहार सोडला व पुढे या देशाचे नागरिकत्वही घेतले. मोठमोठी यंत्रे नसली तरी शास्त्र अडत नाही, असे ते तरुणांस सांगत व त्यांना बाहेर मोजावयास पाठवीत. सुबोधकुमार रॉय प्राजक्ताच्या पाकळ्या मोजू लागले. एकाच झाडावरील फुलांतला भेद बीजाचा नसतो, कारण साऱ्या झाडाचे बीज एकच. झाडाझाडांतला भेद मात्र बीजाचाही असू शकतो. हे दोन भेद मोजून निराळे केल्यावाचून निवडीची गोष्टच करता येत नाही. डेव्हिस यांनी माडाच्या झावळ्या डाव्या फेऱ्याने चढतात की उजव्या, हे पाहिले. द्रोणमराजू यांनी कुंपणावरच्या घाणेरीवर बसणारी फुलपाखरे मोजली, तेव्हा काही जाती गुलाबी फुलांकडे तर काही नारिंगी फुलांकडेच वळतात असे दिसले. म्हणजे एका रानात वाढूनही दोन रंगांच्या झाडांचे पराग वेगळे राहू शकतात. जयकर यांनी हेलनबाईंबरोबर टिटवीची घरटी राखली. ही घाणेरी व ही टिटवी आपल्या गोदाकाठीही आहेत.

संस्थेत मतभेद झाल्याने १९६१ साली त्यांनी तेथील जागा सोडली, आणि १९६२ मध्ये ओरिसा सरकारच्या साह्याने भुवनेश्वर येथे नवी प्रयोगशाळा काढली. तिची घडी बसते न बसते तोच त्यांना कर्करोग जडला. आजाराची लाज बाळगून लोक वैद्याकडे उशिरा जातात हे जाणून त्यांनी आपल्या दुखण्यावर एक विनोदी कविता लिहून छापविली. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी झाला नाही. देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आला.